मोटारीचे ठोके आणि दुधाचे दात

‘मोटार’ हा शब्द आपण मराठी माणसांनी इतका पचवून टाकला आहे, की तो परका आहे हे आता मुद्दाम सांगावे लागते. खेड्यात विहिरीवरच्या मोटेच्या जागी मोटार आली, शहरात टांग्याच्या जागी मोटार आली, आणि मोट व मोटार या दोन शब्दांचे एकमेकांशी काही नाते नाही हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. मूळ लॅटिनमध्ये ‘मोटर’ म्हणजे हलवणारा. इंग्रजीत हा शब्द दोन घरी नांदतो. एक घर रस्त्यावरच्या गाडीचे. दुसरे आपल्या शरीरातले. मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत नेऊन हातपाय हलवणारे जे मज्जातंतू, त्यांनाही इंग्रजीत ‘मोटर’च म्हणतात. आपल्या शालेय पुस्तकांनी त्यांना ‘प्रेरक’ असे नाव दिले आहे. लहान मूल सदऱ्याची बटणे लावू लागते, सुईत दोरा ओवते, पाटीवर ‘ग’ गिरवते, ते या प्रेरक तंतूंच्या जोरावर. आपण साध्या मराठीत म्हणतो, ‘आता त्याचा हात बसला’, ‘अक्षराला वळण लागले.’ आणि गंमत पाहा, वळण अक्षराला असते तसे रस्त्यालाही असते.

मी मराठी शिकवतो. यंत्रशास्त्र माझा प्रांत नव्हे. परंतु शब्दांच्या मागे जाता जाता मला एक अशी हकीकत सापडली, की जिच्यात रस्त्यावरच्या मोटारीने शरीरातल्या मोटारीचा घात केला. तो एका दिवसात झाला नाही. त्याला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्यात हुशार माणसे होती, पैसा होता आणि हट्टही होता. एकमेकांशी भांडणारी शास्त्रे होती, आणि शेवटी लहान मुलांचे पडलेले दुधाचे दात साक्षीला आले. ती हकीकत दिवाळीच्या निवांतपणी वाचण्यासारखी आहे, कारण ती परदेशात सुरू झाली तरी आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचली होती.

मनगट वाचवणारा माणूस

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून लोखंडी हँडल जोराने फिरवावे लागे. इंजिनाने मध्येच उलटा झटका दिला, तर फिरवणाऱ्याचे मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअराने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. बोटाने कळ दाबताच इंजिन सुरू होऊ लागले. हँडल फिरवण्याची मेहनत आणि मनगटाची भीती दोन्ही गेली.

केटरिंगसाहेबांपुढे दुसरा प्रश्न होता तो इंजिनाच्या ठोक्यांचा. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि मग ठिणगी पडते. मिश्रण जितके जास्त दाबावे तितकी शक्ती जास्त मिळते. पण फार दाबले, की त्यातला काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप भडकतो. मग इंजिनातून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो, शक्ती वाया जाते आणि यंत्र झिजते. आपले मेकॅनिक यालाच ‘गाडी नॉकिंग करते’ असे म्हणतात.

केटरिंग यांच्या हाताखाली टॉमस मिजली नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्याने कितीतरी पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळून पाहिले, आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी त्याला हवे ते सापडले. पदार्थाचे नाव टेट्राएथिल लेड. हे शिशाचे एक तेलकट, द्रवरूप संयुग. पेट्रोलमध्ये त्याचे अगदी थोडे प्रमाण पडले, की ठोके बंद! फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन गावी असे पेट्रोल प्रथम विक्रीला आले. त्याचे व्यापारी नाव ठेवले ‘एथिल’. नावातून शिसे अलगद गाळलेले होते. अल्कोहोल मिसळूनही ठोके थांबतात हे या मंडळींना ठाऊक होते. परंतु अल्कोहोल कोणालाही गाळता येते, त्याचे पेटंट कोण देणार?

शिशाचा स्वभाव

शिसे ही फार जुनी ओळखीची धातू. आपल्या शिसपेन्सिलीत मात्र ती औषधालाही नसते. तिथे असते ते ग्राफाइट, म्हणजे कर्बाचेच एक रूप. आयुर्वेदाने शिशाला ‘नाग’ असे नाव दिले आहे, आणि नाव ठेवणाऱ्याच्या मनात काहीही असो, ते चपखल बसले आहे. शिसे शरीरात गेले, की ते कॅल्शियमचे सोंग घेते. शरीर फसते आणि त्याला हाडांत व दातांत जागा देते. मेंदूच्या दारावरचा पहारेकरीही त्याला आत सोडतो. शिशाचे रंग वापरणाऱ्या रंगाऱ्यांना एक विशिष्ट रोग होतो हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होते. त्यात मनगट उचलणारे स्नायू लुळे पडतात आणि हात मनगटापासून खाली लोंबतो. ज्या केटरिंगच्या स्टार्टरने मोडणारी मनगटे वाचवली, त्याच्याच प्रयोगशाळेतून मनगट लुळे करणारी धातू जगभरच्या हवेत गेली, हा योगायोग मला अस्वस्थ करतो.

इशारा मिळायला उशीर लागला नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात हे संयुग तयार करणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागला. काहींना आवरण्यासाठी बांधून ठेवावे लागले. पाच कामगार मरण पावले आणि तीसहून अधिक रुग्णालयात गेले. दुसऱ्या एका कारखान्यातले कामगार नसलेली पाखरे हवेत धरू पाहत. म्हणून त्या इमारतीला ‘फुलपाखरांचे घर’ असे नाव पडले. वृत्तपत्रांत गिल्ला झाला. तेव्हा मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले, मिनिटभर हुंगूनही दाखवले, आणि यात काही भय नाही असे सांगितले. त्याआधीच शिशाच्या विषबाधेमुळे त्यांना स्वतःला विश्रांतीसाठी फ्लोरिडाला जावे लागले होते.

२० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनला सरकारने परिषद बोलावली. हार्वर्ड विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी तिथे स्पष्ट बजावले, की शिसे वापरायचेच झाले तर कारखान्यातली काळजी पुरणार नाही. ते रस्त्यारस्त्यावर पसरणार. एक समिती नेमली गेली. थोड्या महिन्यांत तिने ड्रायव्हर आणि गॅरेजमधली माणसे तपासली आणि जानेवारी १९२६ मध्ये निकाल दिला, की बंदी घालण्यास पुरेसे कारण दिसत नाही. मात्र पुढे अभ्यास चालू ठेवावा. तो पुढचा अभ्यास गेला उद्योगाच्याच पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेकडे. ज्याचे लग्न त्यानेच पत्रिका जुळवून पाहावी, असा हा प्रकार झाला.

नेहमीचे आणि नैसर्गिक

त्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. रॉबर्ट केहो. त्यांचे म्हणणे असे, की शिसे माती-पाण्यात असतेच, प्रत्येकाच्या शरीरात थोडे असतेच. ठराविक मर्यादेच्या खाली ते अपाय करत नाही. अपाय होतो असे ज्याला वाटते, त्याने पुरावा आणावा. मोटारीपासून दूर राहणारे मेक्सिकोतले शेतकरी त्यांनी तपासले, त्यांच्याही अंगात शिसे निघाले, आणि ‘पाहा, हे नैसर्गिकच आहे’ असे त्यांनी म्हटले. ते शेतकरी शिशाचा चकचकीत लेप दिलेल्या मातीच्या भांड्यांत जेवत असत, याचा अर्थ त्यांनी हवा तसा लावला नाही. पुढची चाळीस वर्षे या विषयात केहो यांचा शब्द अखेरचा मानला गेला.

त्यांना आव्हान मिळाले ते अगदी अनपेक्षित दिशेने. क्लेअर पॅटरसन हा भूरसायनाचा शास्त्रज्ञ पृथ्वीचे वय मोजण्याच्या खटाटोपात होता. उल्केतल्या शिशाचे मोजमाप करून त्याने पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले, आणि १९५६ साली प्रसिद्ध झालेला तो आकडा आजही टिकून आहे. पण हे मोजताना त्याला एक विलक्षण अडचण आली. त्याच्या प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिसे होते: धुळीत, पाण्यात, नळांत, माणसांच्या केसांत. अत्यंत शुद्ध अशी खोली उभारावी तेव्हा कुठे मोजमाप जमे. हे इतके शिसे आले कोठून?

मग त्याने समुद्राचे पाणी तपासले, ग्रीनलंडचे साठलेले बर्फ थराथराने तपासले. वरच्या थरांत शिसे पुष्कळ, खाली खोल, म्हणजे जुन्या काळात, अगदी थोडे. आणि १९४० नंतरची वाढ तर एकदम चढलेली. १९६५ साली त्याने लिहिले, की अमेरिकन माणसाच्या अंगातले शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभरपट असावे. केहो ज्याला नैसर्गिक म्हणत होते, ते केवळ नेहमीचे होते.

भाषेच्या माणसाला या ठिकाणी थांबावेसे वाटते. ‘नेहमीचे’ आणि ‘नैसर्गिक’ हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. शहराची हवा अशीच असायची, मुले किरकिरी असायचीच, म्हातारपणी हात कापायचेच, असे म्हणून आपण मोकळे होतो. रोजच्या पाहण्यातली गोष्ट निसर्गाचीच असेल असे नाही. ती कोणीतरी एका विशिष्ट साली, विशिष्ट नफ्यासाठी सुरू केलेली असू शकते. पॅटरसनने मोजून दाखवला तो या दोन शब्दांतला फरक. त्याची किंमतही त्याने मोजली: १९७१ साली शिशाच्या प्रश्नावर राष्ट्रीय पातळीवरची तज्ज्ञसमिती बसली, तेव्हा या विषयातल्या सर्वांत जाणत्या माणसाला तिच्यात जागा नव्हती.

दाताने दिलेली साक्ष

हवेत शिसे आहे हे ठरले. पण त्याने मुलांचे काय बिघडते? मूल आजारी दिसत नाही, ताप नाही, खोकला नाही. रक्त तपासावे तर रक्तातले शिसे काही आठवड्यांत उतरते आणि हाडांत जाऊन बसते. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या पोटात काय गेले ते आज कसे कळावे?

डॉ. हर्बर्ट नीडलमन या मुलांच्या डॉक्टराला यावर साधी युक्ती सुचली. दात हा हाडाचाच भाऊबंद; मूल वाढताना जे शिसे अंगात गेले, त्याची नोंद दातात राहते. आणि दुधाचा दात तर आपण होऊन पडतो, सुईसुद्धा टोचावी लागत नाही! आपल्याकडे पडलेला दात कौलावर फेकतात, नाहीतर उंदराच्या बिळात टाकतात. अमेरिकेत तो उशीखाली ठेवला, की परी येऊन त्याच्या जागी नाणे ठेवते. नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल या गावांतल्या पहिली-दुसरीच्या दोन हजारांहून अधिक मुलांचे दात गोळा केले. दातात किती शिसे आहे हे ठाऊक नसलेल्या शिक्षकांकडून त्यांनी प्रत्येक मुलाविषयी प्रश्नावली भरून घेतली. मूल एका जागी बसते का? सांगितलेले समजते का? हातचे काम पुरे करते का?

१९७९ साली निकाल प्रसिद्ध झाला. दातात शिसे जसजसे जास्त, तसतसे ‘लक्ष नाही, चिकाटी नाही, सांगितलेले ऐकत नाही’ हे शेरे जास्त. बुद्धिमापनात जास्त शिशाची मुले सरासरीने चार-साडेचार गुणांनी मागे. ही मुले कोणत्याही डॉक्टराच्या लेखी आजारी नव्हती.

अकरा वर्षांनी, १९९० मध्ये, नीडलमन यांनी त्यांच्यापैकी शंभराहून अधिक मुलांना पुन्हा गाठून तपासले. आता ती तरुण झाली होती. ज्यांच्या दुधाच्या दातांत शिसे जास्त होते, त्यांच्यात शाळा अर्धवट सुटण्याचे प्रमाण जास्त, शब्दसंग्रह तोकडा, वाचन कच्चे. शिवाय डोळ्याने पाहिले त्याप्रमाणे हात वळवणे त्यांना कमी जमे. इशारा मिळाल्यावर कळ दाबायला त्यांना वेळ जास्त लागे. आणि बोटाने टेबलावर ठोके मारायला सांगितले, तर त्यांची बोटे सावकाश पडत.

इंजिनाचे ठोके थांबवण्यासाठी जे शिसे घातले, त्यानेच मुलांच्या बोटांचे ठोके मंदावले. मोटारीचा जो गुळगुळीतपणा आपण विकत घेतला, त्याची किंमत पेट्रोल पंपावर चुकती झाली नव्हती. ती वर्गातल्या बाकावर चुकती होत होती.

नीडलमन यांच्यावरही १९९१ साली संशोधनात लबाडी केल्याचा आरोप आला. त्यांनी चौकशी बंद दाराआड न होता उघड व्हावी असा आग्रह धरला. १९९२ मध्ये ती झाली, आणि लबाडीचा आरोप टिकला नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. अशा अभ्यासावरून एखाद्या मुलाकडे बोट दाखवून ‘याचे अक्षर शिशामुळे वाईट’ असे म्हणता येत नाही. चार गुणांचा फरक एका मुलात दिसतही नाही. पण सबंध गावाची सरासरी चार गुणांनी घसरली, तर अगदी मागे पडणाऱ्या मुलांची संख्या पुष्कळ वाढते आणि अत्यंत हुशार मुलांची घटते. हे नुकसान कोणा एकाच्या नावावर मांडता येत नाही, म्हणूनच त्याची फिर्याद कोणी केली नाही. शाळेत ‘मठ्ठ’, ‘धांदरट’, ‘हाताला वळण नाही’ असे शेरे ज्यांना मिळाले, त्यांच्यात ही मुले होती; कोणती ते कधीच कळणार नाही.

आपल्या दारी

अमेरिकेत शिशाला पहिला धक्का मिळाला, तो बऱ्याच अंशी यंत्राच्या लाडामुळे. १९७५ पासूनच्या नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येऊ लागला. त्यात प्लॅटिनम असते आणि शिशाने ते निकामी होते. मुलांसाठी पन्नास वर्षे जे जमले नाही, ते एका महाग डब्यासाठी चटकन जमले! १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधले शिसे घटत गेले, आणि त्या रेषेचा हात धरून लोकांच्या रक्तातले शिसेही सुमारे ३७ टक्क्यांनी उतरले. १९९६ पासून तिथे रस्त्यावरच्या वाहनांसाठी असे पेट्रोल पूर्ण बंद झाले.

आपल्याकडे १९९४ पूर्वी एका लिटर पेट्रोलमध्ये ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे चाले. आज चाळिशीत असलेली आमची पिढी त्याच हवेत वाढली. डिझेलच्या बसगाड्यांत हे शिसे नव्हते. ते होते स्कूटरीत, रिक्षात आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत. म्हणजे ज्या वाहनाच्या नळीची उंची बरोबर लहान मुलाच्या नाकाएवढी, नेमके त्यात. अॅड. एम. सी. मेहता यांच्या १९८५ च्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयाने वाहनांच्या धुराचा प्रश्न लावून धरला. जून १९९४ पासून चार महानगरांत शिशाचे प्रमाण लिटरला ०.१५ ग्रॅमवर आले, एप्रिल १९९५ पासून तिथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले.

याचा उपयोग झाला का? रक्तातले शिसे एका डेसिलिटरला किती मायक्रोग्रॅम, असे मोजतात. डेसिलिटर म्हणजे शंभर मिलिलिटर, मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. १९९७ साली मुंबईत तपासलेल्या बारा वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या रक्तात १० किंवा त्याहून अधिक शिसे निघाले होते. २००२-०३ मध्ये हे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवर आले. आणि हा दहाचा आकडा तरी कुठे पक्का आहे? अमेरिकेत काळजीची रेषा १९७१ मध्ये ४० वर होती. ती १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ वर आली. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते, की शिशाची निर्धोक अशी मात्राच ज्ञात नाही.

जुलै २०२१ मध्ये अल्जीरियातल्या पंपांवर शेवटचे शिशाचे पेट्रोल विकले गेले आणि रस्त्यावरच्या मोटारींपुरता हा अध्याय जगभर संपला. डिसेंबर १९२१ ते जुलै २०२१. शंभर वर्षांना पाच महिने कमी. दट्ट्याचे इंजिन असलेली लहान विमाने मात्र अद्यापि शिशाचे इंधन जाळतात. आणि पेटंट मिळत नाही म्हणून जे अल्कोहोल तेव्हा बाजूला पडले, ते आज आपल्या उसाच्या मळीतून निघून इथेनॉल म्हणून आपल्याच पेट्रोलमध्ये मिसळले जात आहे. त्याचे गुणदोष हा वेगळा विषय. पण काळाने घेतलेले हे वळण नोंदवण्यासारखे आहे.

मिजली यांचा शेवट करुण झाला. १९४० मध्ये त्यांना पोलिओ झाला आणि त्यांचे पाय गेले. अंथरुणावरून उठता यावे म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्या जोडून एक साधन तयार केले. १९४४ मध्ये त्याच दोऱ्यांत अडकून त्यांचा अंत झाला. त्याला न्याय म्हणणे क्रूरपणाचे होईल. त्यांना एक प्रश्न सोडवायला दिला होता, तो त्यांनी उत्तम सोडवला. चूक प्रश्न मांडण्यात होती. ‘इंजिन कसे शांत होईल?’ एवढेच विचारले गेले; ‘त्या नळीच्या मागे कोण उभे आहे?’ हे विचारायचे राहून गेले.

घरात पाहायचे ते

पेट्रोलमधून शिसे गेले, पण ते देशातून गेलेले नाही. युनिसेफने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ किंवा अधिक शिसे आहे, आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतात आहेत. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणे हे त्याचे एक मोठे कारण. पिवळाजर्द दिसावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट मिसळणे हे दुसरे. घरगुती रंगांत शिसे ९० भाग प्रति दशलक्षाहून अधिक नसावे असा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. पण जुन्या खिडक्या-दारांवरचे पापुद्रे त्याआधीचे आहेत. फटाक्यांत शिसे वापरू नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३१ जुलै २०१७ रोजी दिला आहे.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत जुना रंग कोरडा घासू नये. ओल्या फडक्याने पुसावा, आणि त्या वेळी मुलांना दूर ठेवावे. सुटी, फार भडक रंगाची हळद घेण्यापेक्षा हळकुंडे आणून दळावीत. नावात भस्म आहे म्हणून कोणतेही औषध जाणत्या वैद्याच्या देखरेखीवाचून घेऊ नये. मुलांना जेवणाआधी हात धुवायला लावावे; आणि त्यांच्या ताटात लोह व कॅल्शियम पुरेसे असावे, कारण उपाशी आणि अशक्त शरीर शिसे अधिक ओढून घेते. शंका असल्यास रक्ताची तपासणी होते.

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे एक सवय. हवेत, अन्नात, खेळण्यात काही नवे येते तेव्हा आपल्याला सांगितले जाते, ‘अपाय झाल्याचे सिद्ध करा.’ शिशाच्या बाबतीत ते सिद्ध व्हायला पन्नासहून अधिक वर्षे लागली, आणि पुरावा गोळा झाला तो मुलांच्या दातांत. पुरावा आणण्याचे ओझे विकणाऱ्याच्या खांद्यावर असते, तर तो मुलांच्या तोंडात सापडण्याची वेळ आली नसती. पुढच्या वेळी ‘हे नेहमीचेच आहे’ असे कोणी म्हणाले, तर एवढेच विचारावे: नेहमीचे, की नैसर्गिक?